हंगामी बूट आणि बारमाही अनवाणी पाय

पावसाळा सरत आला की नाशिक जिल्ह्यात दोन हंगामांची चाहूल लागते. पहिला द्राक्षाचा. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची आदिवासी कुटुंबे पोरेबाळे व भांडीकुंडी घेऊन दिंडोरी-निफाडच्या बागांत छाटणीला उतरतात. दुसरा हंगाम अलीकडच्या दहा-पंधरा वर्षांत शहरी मध्यमवर्गाने निर्माण केला आहे. तो धावण्याच्या शर्यतींचा. जानेवारीत नाशिकला आणि मुंबईला धावायचे, त्याची तयारी आतापासून सुरू होते. तयारीचा पहिला विषय मात्र पाय हा नसतो, बूट हा असतो. कोणत्या कंपनीचा कोणता नवा बूट यंदा येणार, तो मागच्यापेक्षा किती ग्रॅमने हलका असणार, त्याच्या तळात कोणता फेस भरलेला असणार, याची चर्चा गोल्फ क्लब मैदानावर सकाळी सहा वाजता अशा गांभीर्याने चालते की एके काळी पंचवार्षिक योजनेच्या मसुद्याची चर्चासुद्धा आम्ही इतक्या गांभीर्याने केली नसेल.

धावण्याला कोणीही हसू नये. माणसे भल्या पहाटे उठून धावतात ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न बुटाचा आहे आणि तो प्रथम ‘हंगाम’ या शब्दापाशीच विचारला पाहिजे. द्राक्षाला हंगाम असतो, कारण वेलीला तो आहे. बुटाला हंगाम का असावा? माणसाच्या पावलाची हाडे दरवर्षी बदलत नाहीत, रस्त्याचे डांबर बदलत नाही आणि मॅरेथॉनचे अंतर तर १९२१ पासून ४२.१९५ किलोमीटरच ठरलेले आहे. तरीही १९८३ साली बाजारात आलेल्या ‘पेगासस’ या नायकी कंपनीच्या बुटाची २०२४ साली एक्केचाळिसावी आवृत्ती निघाली. आल्फ्रेड मार्शलच्या अर्थशास्त्रावरील मूलग्रंथाच्या तीस वर्षांत आठ आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक आवृत्तीत त्याने काय बदलले यावर पंडितांनी पाने खर्ची घातली. या बुटाच्या एक्केचाळीस आवृत्त्यांपैकी किती वेळा बदललेली गोष्ट रंग व किंमत यांपलीकडची होती, हे कोणी पंडिताने तपासावे.

ही युक्ती जुनी आहे. १९२० च्या दशकात आल्फ्रेड स्लोन याने जनरल मोटर्समध्ये दरवर्षी नवे मॉडेल काढण्याची प्रथा रूढ केली. गाडी बिघडण्याची वाट न पाहता ती जुनी वाटू लागावी, एवढीच त्यामागची दृष्टी होती. गॅलब्रेथने १९५८ साली दाखवून दिले की अशा व्यवस्थेत गरज आधी व उत्पादन नंतर हा क्रम उलटतो. उत्पादन करणाराच गरजही तयार करतो. बुटाच्या धंद्याने यात आणखी एक पायरी गाठली आहे. बूट हातात येण्याच्या कितीतरी आधी त्याची ‘प्रतीक्षा’ तयार करून विकली जाते. जी वस्तू अजून दुकानात नाही, तिच्यासाठी मालकीची वस्तू अडगळीत जाते.

इथवर वाचून एखादा तरुण वाचक म्हणेल की प्राध्यापकमहाशय, तुम्हाला तंत्रज्ञान ठाऊक नाही, या बुटांनी खरोखरच वेग वाढतो. आक्षेप रास्त आहे व त्याला सरळ सामोरे गेले पाहिजे. २०१७ साली आलेल्या ‘व्हेपरफ्लाय’ या बुटात जाड, हलका व उसळणारा फेस आणि त्यात बसवलेली कार्बन तंतूंची वक्र पट्टी यांचा संयोग प्रथमच यशस्वी झाला. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात अठरा धावपटूंवर झालेल्या चाचणीत त्यांच्या शरीराला लागणारी ऊर्जा सरासरी चार टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. या अभ्यासाला पैसा त्याच कंपनीचा होता ही गोष्ट विसरता येत नाही. पण पुढे इतरांच्या अभ्यासांतूनही फायद्याची दिशा तीच दिसली. मात्र व्यक्तीव्यक्तीत फरक फार मोठा आहे. केनियाच्या अव्वल धावपटूंवरील एका अभ्यासात काहींना या बुटांनी भरघोस लाभ झाला, तर काहींचा उलट तोटा झाला. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात एलियुड किपचोगे याने मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत कापले, ते याच घराण्यातील, तेव्हा बाजारात नसलेल्या बुटावर.

तेव्हा सुधारणा खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे याहून कठोर आहे. ज्या बुटांत सुधारणा खोटी आहे, तेथे ती उधळपट्टी आहे. आणि ज्या बुटांत ती खरी आहे, तेथे तो अन्याय आहे. पहिल्याचा बळी गोल्फ क्लब मैदानावरचा हौशी धावपटू असतो. त्याचे पाकीट तो भार सोसू शकते, म्हणून त्याची फार चिंता करण्याचे कारण नाही. दुसऱ्याचा बळी हरसूलच्या आश्रमशाळेतली मुलगी असते.

जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेलाही हे जाणवले. ३१ जानेवारी २०२० रोजी तिने नियम जाहीर केले. रस्त्यावरील शर्यतीसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपेक्षा अधिक नको, कडक पट्टी एकाहून अधिक नको आणि स्पर्धेत वापरायचा बूट आधी चार महिने खुल्या बाजारात सर्वांना विकत मिळत असला पाहिजे. या शेवटच्या अटीत न्यायाची भाषा आहे, पण अर्थशास्त्र नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळावरील आपल्या ग्रंथात हेच तर सांगितले की बाजारात धान्य असताना माणसे उपाशी मरू शकतात. प्रश्न धान्य आहे की नाही हा नसून ते मिळवण्याची हक्कदारी कोणाकडे आहे हा असतो. बूट बाजारात आहे. त्याची किंमत भारतात वीस हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहून अधिक आहे. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एका जोडासाठी चौसष्ट दिवस माती उपसायची, तीही त्या चौसष्ट दिवसांत घरात कोणी जेवले नाही तर. ‘सर्वांना उपलब्ध’ या शब्दांचा हा अर्थ आहे.

शिवाय हा जोड टिकत किती? सप्टेंबर २०२३ मध्ये अ‍ॅडिडास कंपनीने ५०० डॉलर किमतीचा, १३८ ग्रॅम वजनाचा एक बूट आणला. त्याच महिन्यात बर्लिनला इथिओपियाच्या तिगिस्त असेफा हिने तो घालून २ तास ११ मिनिटे ५३ सेकंद असा स्त्रियांचा जागतिक विक्रम केला. कंपनीने स्वतःच सांगितले होते की हा बूट एका मॅरेथॉनपुरता, आणि त्याआधी पायाला सवय होण्यापुरता आहे. चाळीस हजार रुपयांहून अधिक किमतीची वस्तू एकदा वापरून टाकायची! व्हेब्लेनने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाचे वर्णन केले, तेव्हा त्याच्यासमोर चांदीचे चमचे होते. निदान ते नातवंडांपर्यंत पोचत.

शर्यतीचा बूट तूर्त बाजूला ठेवू. रोजच्या सरावाचा साधा बूट घेऊ, कारण खरी झीज तेथे आहे. असा बूट पाचशे ते आठशे किलोमीटर चालतो असे उत्पादक व प्रशिक्षक सांगतात. लांब पल्ल्याची गंभीर धावपटू आठवड्याला शंभर-सव्वाशे किलोमीटर धावते. म्हणजे सहाशे किलोमीटरचा जोड पाच आठवड्यांत संपतो आणि वर्षाला दहा जोड लागतात. पाच हजारांचा एक धरला तर पन्नास हजार रुपये झाले. रोजगार हमीच्या शंभर दिवसांची त्याच वर्षाची पूर्ण मजुरी ३१,२०० रुपये होते. धावणे हा गरिबाचा खेळ, त्याला काही लागत नाही, असे जे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो, ते या आकड्यांपुढे ठेवून पाहावे.

आता नाशिककडे वळू. या जिल्ह्याने देशाला लांब पल्ल्याच्या धावपटू दिल्या आणि त्या बहुतेक शहराच्या वाड्या-बंगल्यांतून नव्हे, तर आदिवासी पाड्यांतून आणि कोरडवाहू गावांतून आल्या. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. १९५८ साली कार्डिफला मिल्खा सिंग जिंकले होते, त्यानंतर धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत या स्पर्धेतील भारताचे ते पहिले पदक आणि भारतीय स्त्रीचे तर पहिलेच. पुढच्याच महिन्यात ग्वांगजौच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक घेतले. विजेंद्र सिंग यांच्यासारख्या प्रशिक्षकाने या शहरात वर्षानुवर्षे मुलींना घडवले. मोनिका आथरे, संजीवनी जाधव ही नावे त्याच मैदानावरून आली.

कविता राऊत सुरुवातीला अनवाणी धावत. धावणे निवडले ते बूट नसले तरी चालते म्हणून, हे त्यांनीच पुढे अनेकदा सांगितले आहे. या गोष्टीचे आपल्याकडे काय झाले? तिचे काव्य झाले. ‘अनवाणी पायांनी जग जिंकले’ असे मथळे आले, सत्कार झाले, शाल-श्रीफळे दिली गेली, आणि व्यासपीठावरील प्रत्येक पुढाऱ्याने त्या अनवाणी पायांचा गौरव केला. व्यासपीठावर एकही पाय अनवाणी नव्हता. दारिद्र्याचे असे कौतुक करणे हा त्याची जबाबदारी झटकण्याचा सर्वांत सभ्य मार्ग आहे. जे गुणगान गायचे, ते काढून टाकण्याची घाई कोणाला असते?

कोणी १९६० च्या रोमचा दाखला देतात, जेथे अबेबे बिकिला अनवाणी धावून ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकला. त्यांनी पुढची चार वर्षेही वाचावीत. १९६४ साली टोकियोला तो पुन्हा जिंकला, तेव्हा त्याच्या पायात बूट होते. मिळाल्यावर त्याने ते घातले. आणि त्याच्या काळी बूट घालणारा व न घालणारा यांच्यात जे अंतर होते ते माणूस आपल्या फुप्फुसांनी भरून काढू शकत होता. २०१७ नंतर ते अंतर कारखान्यात तयार होते. जिल्ह्याच्या, राज्याच्या निवडचाचणीत पात्रतेची वेळ काही सेकंदांनी हुकते तेव्हा त्यातले किती सेकंद मुलीच्या पायातले व किती समोरच्या मुलीच्या बुटातले, हे कोणत्याही निकालपत्रकावर लिहिलेले नसते.

आणि अनवाणी पाय हे नाशिकच्या वाचकाला काही प्रथमच दिसलेले नाहीत. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सहा दिवसांत सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईला पोचला. वनहक्काच्या पट्ट्यांची मागणी करणारे हजारो आदिवासी त्यात होते. दहावीच्या मुलांची परीक्षा होती, तिला अडथळा नको म्हणून ते शेवटच्या रात्री झोप न घेता आझाद मैदानापर्यंत चालत गेले. सोललेल्या तळव्यांची, तुटलेल्या चपलांची छायाचित्रे देशभर छापली गेली आणि मुंबईच्या नागरिकांनी रस्त्यावर पाणी, खाऊ व चपला आणून दिल्या. त्या नागरिकांविषयी मनात आदरच आहे. पण ज्या राज्यात चपला मिळण्यासाठी १८० किलोमीटर चालून यावे लागते, तेथे पाव अंतर धावण्याच्या बुटांची पुरवणी काढताना संपादकाचा हात क्षणभर थांबायला हरकत नव्हती.

सरकार काय करते? सरकारने २०२३ साली ठरवले की सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोड बूट व दोन जोड पायमोजे द्यायचे. निर्णय योग्यच होता. त्यासाठी तरतूद केली प्रतिविद्यार्थी १७० रुपयांची. पुन्हा लिहितो, एकशे सत्तर. त्यात बूट आणि दोन जोड मोजे. रोजगार हमीच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीहून थोडे अधिक. या पैशांत जी वस्तू मिळेल तिला बूट म्हणायचे की शासकीय निर्णयाचे कव्हर, हे ज्याने त्याने ठरवावे. त्या बुटाने मुलगी प्रार्थनेच्या रांगेत उभी राहील. धावली, तर महिन्याभरात पुन्हा अनवाणी होईल. दुसरीकडे सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर पाच टक्के व त्यावरील पादत्राणांवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे. वरवर पाहता ही प्रागतिक कररचना वाटते व आमच्यासारख्या माणसाने तिचे स्वागत करावे. परंतु धावपटूला टिकेल असा सरावाचा बूट या रेषेच्या आत क्वचितच मिळतो. म्हणजे लग्नात मिरवण्याचा महाग जोडा आणि मजुराच्या मुलीचे सरावाचे साधन ही दोन्ही करखात्याच्या लेखी एकाच पंक्तीतली चैन ठरतात.

हे बूट करते कोण, हेही जाता जाता पाहू. नायकी कंपनीचे स्वतःचे म्हणावे असे कारखाने जवळजवळ नाहीत. २०२४ च्या वार्षिक अहवालाप्रमाणे तिची निम्मी पादत्राणे व्हिएतनाममध्ये व पावाहून थोडी अधिक इंडोनेशियात कंत्राटावर बनली. आपल्याकडे तामिळनाडूत चेय्यार येथील विशेष आर्थिक क्षेत्रात एक तैवानी कंत्राटदार तिच्यासाठी बूट शिवतो आणि तेथील कामगारांत स्त्रियांचा भरणा मोठा आहे. त्या उसळत्या फेसाची गोष्ट तर आणखी उद्बोधक आहे. तो ज्या कुळातील रसायनापासून होतो, त्याच्या काही प्रकारांचा कच्चा माल एरंडेल तेल हा आहे. जगातील एरंडाचे बहुतांश पीक भारतात, त्यातही मुख्यतः सुरगाण्याला लागून असलेल्या गुजरात राज्यात निघते. एरंड येथून जातो, रसायन युरोपात होते, बूट आग्नेय आशियात शिवला जातो, नाव अमेरिकेत चिकटते आणि वीस हजारांची पावती नाशिकच्या दुकानात फाटते. दादाभाई नौरोजींना कापसाची व मँचेस्टरच्या कापडाची जी वाट दिसली होती, तिच्याहून ही वाट लांब आहे, एवढाच फरक. एरंडाचे गुऱ्हाळ हा वाक्प्रचार आपण निष्फळ बडबडीसाठी वापरत आलो. या गुऱ्हाळातून मात्र भरपूर गूळ निघतो आहे, फक्त तो आपल्या काहिलीत पडत नाही.

आमच्याच काही साथींचा आक्षेप ठाऊक आहे. कांद्याचा भाव, कंत्राटी कामगारांचे वेतन, वनहक्काचे प्रलंबित दावे हे सोडून बुटावर लेख कशाला? त्यांना एवढेच विचारायचे आहे की आदिवासी मुलीला आपले गुण सिद्ध करण्याचे किती मार्ग आपण शिल्लक ठेवले आहेत? इंग्रजी शाळा तिला परवडत नाही, शिकवणीवर्ग परवडत नाही. धावणे हा एक मार्ग असा होता की जेथे बापाची मिळकत विचारली जात नव्हती. त्यातून पोलीस भरती, रेल्वे, सार्वजनिक क्षेत्रातील नोकरी अशी दारे उघडत होती. आता त्या मार्गावरही जकातनाका बसला आहे. तो क्षुल्लक कसा? दुसरा एक आक्षेप स्वदेशीवाल्यांचा, की परदेशी बुटांवर बहिष्कार टाकावा. बहिष्काराने हरसूलच्या मुलीच्या पायात काय येणार? ज्याच्याजवळ वस्तू आहे त्यानेच तिचा त्याग करावा. जिच्याजवळ ती नाही तिच्याकडून त्याग मागणे हा उद्दामपणा आहे.

मागणी अगदी व्यवहार्य आहे. सरावाचा चांगला, साधा, पाच-सहाशे किलोमीटर टिकणारा बूट करण्याचे ज्ञान काही गुप्त राहिलेले नाही. हरियाणातील बहादूरगडला बिगरचामड्याची पादत्राणे प्रचंड प्रमाणात बनतात. महाराष्ट्रात १९७४ पासून चर्मोद्योग महामंडळ आहे, आज त्याला संत रोहिदासांचे नाव आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये पुढच्या उन्हाळ्याच्या हंगामासाठी कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या, तेव्हा याच राज्यातील कारागिरांच्या कौशल्याचा सर्व पक्षांना एकाएकी अभिमान वाटू लागला होता. तो अभिमान कामाला लावावा. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या जातीचा शिक्का सोसून इतरांचे पाय झाकले, त्यांना फेसाचे साचे, शिलाईयंत्रे व खात्रीची सरकारी मागणी द्यावी. आदिवासी उपयोजनेत याला तरतूद हवी. आश्रमशाळेतील खेळाडूला वर्षाला एक जोड असा हिशेब नको; धावलेल्या किलोमीटरांप्रमाणे जोड हवा, आणि तो बँक खात्यात पैसे टाकून नव्हे, प्रशिक्षकाच्या हाती वस्तू देऊन. खात्यातले पैसे घरात तेलमीठ आणायला जातात व ते जाणे रास्तच असते. शिवाय सतरा वर्षांखालील जिल्हा व राज्य पातळीवरच्या शर्यतींत पट्टीच्या बुटांना बंदी घालावी. त्याला जागतिक संघटनेची परवानगी लागत नाही.

मापाचाही एक मुद्दा आहे, तो कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा. आपण अजून इंग्रजांच्या मापाचे बूट घालतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली. भारतीय पाऊल पाश्चात्त्य मापाच्या तुलनेत रुंद असल्याचे त्यातून निघाले आणि त्यावरून ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवली गेली. मुलींच्या पावलाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक वेगाने होते, हेही तेथेच दिसले. म्हणजे पाचवी-सहावीतल्या मुलीला एका वर्षात एक जोड दिला तर तो झिजण्याआधीच तोकडा होणार. सार्वजनिक पैशाने झालेले हे संशोधन आहे. जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो; त्याआधी हरसूल, पेठ व सुरगाणा येथील आश्रमशाळांतील धावणाऱ्या मुलामुलींच्या पावलांची मापे घेऊन ती यादी मागणीपत्रासोबत जोडावी. मोजण्यासाठी एक फूटपट्टी, कोरे कागद आणि एक रविवार पुरेल.